शाम्मा

उर्दूत वास घेण्याच्या शक्तीला 'क़ुव्वत-ए-शाम्मा' म्हणतात, मराठीत घ्राणेंद्रिय. दोन्ही शब्द वर्गात सारखेच जड जातात. पण 'शाम्मा'च्या मागे मोठा इतिहास आहे. १९४८ पर्यंत आपलं सेलू निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात युनानी हकिमीला सरकारी आश्रय होता आणि त्या हकिमीचा मोठा आधार म्हणजे इब्न सिना (९८०–१०३७).

वासाची शक्ती मेंदूच्या पुढच्या भागातल्या, स्तनाग्रांसारख्या दोन उंचवट्यांत असते, असं इब्न सिनाने लिहिलं. कल्पना मुळात ग्रीक वैद्य गॅलेनची. इब्न सिनासमोर आणखी एक प्रश्न होता : वास आपल्यापर्यंत येतो कसा? वस्तूतून बाष्प निघून हवेत मिसळतं, की हवेचाच गुण पालटतो? त्याने दोन्ही शक्यता मांडल्या.

आज उत्तर पहिल्या बाजूने आहे. जुम्याच्या नमाजला जाताना कानात ठेवलेल्या फायातून अत्तराचे रेणू उडतात. ते नाकाच्या छताजवळच्या ओलसर अस्तरात विरघळतात. तिथल्या चेतापेशींचे तंतू चाळणीसारख्या हाडाच्या भोकांतून वर जातात आणि मेंदूखालच्या दोन कंदांना मिळतात. म्हणजे ते दोन उंचवटे खरेच आहेत! मात्र 'आमच्या किताबांत सगळं आधीच होतं' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. वास टिपण्याचं काम नाकातच सुरू होतं, हे इब्न सिनाला दिसलं नव्हतं.

ते नेमकं कसं होतं, हे १९९१ साली लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांच्या शोधातून उलगडू लागलं. त्यांना २००४ चं नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात. एक रेणू अनेक ग्राहकांना जागवतो, एक ग्राहक अनेक रेणूंना ओळखतो. भाषेच्या मास्तरला हे लगेच पटतं : अलिफ-बेची अक्षरं मोजकी, शब्द अगणित. शिवाय इतर इंद्रियांचे संदेश आधी थॅलॅमस या मेंदूतल्या नाक्यावर थांबतात. वासाचा संदेश तिथे न थांबता भावना आणि आठवणींच्या भागांजवळ पोहोचतो. खसचा वास आला की वारलेले दादा आठवतात, ते यामुळेच.

'अत्तर त्यांचं, गंध आपला' अशी वाटणी हल्ली सहज कानावर येते. दख्खनच्या पोथ्या वेगळं सांगतात. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहासाठी निजामुद्दीन महमूदने सुगंधांवर 'इत्र-ए-नौरसशाही' हा फारसी ग्रंथ लिहिला. इकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराच्या संस्कृत 'गंधसारा'कडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. त्याच्याच जोडीला 'गंधवाद' हा ग्रंथ आहे आणि त्यावरची टीका चक्क मराठीत आहे. १९८९ साली ही दोन्ही पुस्तकं एकत्र बडोद्याला छापली गेली. उगाळण्यासाठी चंदन, कापूर, कस्तुरी दोन्हीकडे तीच.