मांजर काय सांगतं?

‘आमच्या मनीचं मला सगळं कळतं,’ असं आपल्या धायरीत घरोघरी ऐकू येतं. हे कितपत खरं? त्यासाठी जरा मागे जाऊ.

१८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडून रानात झोपड्या घालत. पिसवांमुळे रोग पसरतो हे सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये मांडलं. म्हणजे कारण कळण्याआधीच लोकांनी खूण ओळखली होती.

१९०८ च्या सुमारास अमरावतीचे सरकारी डॉक्टर ब्यूकॅनन यांनी गावोगावच्या मांजरांची मोजणी केली. जिथे मांजरं जास्त, तिथे प्लेग कमी, असं त्यांनी लिहिलं. पण रोगी उंदीर खाऊन मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसालाही लागू शकतो, हे पुढे कळलं. डोळ्यांना दिसलं ते खरं होतं, लावलेला अर्थ अर्धा होता.

आजही तसंच आहे. २०१९ मध्ये कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाने ८५ देशांतल्या सहा हजारांवर लोकांना मांजरांच्या छोट्या चित्रफिती दाखवून विचारलं, मांजर खूश आहे की नाही? वीसपैकी सरासरी बाराच्या आसपास उत्तरं बरोबर आली. बायकांना थोडे जास्त गुण मिळाले. घरात मांजर असल्याने मात्र फारसा फरक पडला नाही.

ती मांजरं परकी होती. आपल्या मांजराची रोजची सवय आपल्यालाच ठाऊक असते, आणि डॉक्टरांना तीच माहिती हवी असते. म्हणून अर्थ लावायची घाई नको. गुरगुर म्हणजे आनंदच असं नाही, दुखत असतानाही मांजर गुरगुरतं. बोका पुन्हा पुन्हा लघवीला बसतो आणि होत नाही, तेव्हा पुष्कळ घरी ‘पोट साफ नाही’ म्हणतात. लघवी तुंबली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याला त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या.

तिथे गेल्यावर ‘रुसलंय’ म्हणू नका. ‘कालपासून खाल्लं नाही, पलंगाखाली बसलंय, कान पडलेत, डोळे बारीक केलेत,’ असं सांगा. पाहिलेलं आपण सांगावं, निदान डॉक्टरांनी करावं.