हजार मैलांचा रस्ता

इटलीच्या उत्तर भागांत, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं ब्रेशा नांवाचें एक जुनें व उद्योगी शहर आहे. हत्यारें घडविण्याबद्दल या परिसराची ख्याति शेंकडों वर्षांची. मोटारींचा छंद त्याला जडला तो विसाव्या शतकाच्या आरंभीं. १९२१ सालीं इटलीची पहिली ग्रां प्री शर्यत याच शहराजवळ मोन्तिक्यारी येथें झाली. पण पुढच्याच वर्षीं मिलानजवळ मोंझा येथें खास शर्यतींसाठीं बांधलेला बंदिस्त मार्ग तयार झाला आणि तो मान ब्रेशाच्या हातून गेला. गांवाचा गेलेला मान माणसाला स्वतःच्या अपमानाहूनहि अधिक झोंबतो. आयमो माज्जी आणि फ्रांको मात्सोत्ती हे दोन तरुण उमराव, रेन्झो कास्तान्येतो हा हौशी संयोजक आणि जोव्हान्नी कानेस्त्रीनी हा पत्रकार अशा चौघांनीं १९२६ च्या अखेरीस एकत्र बसून या अपमानाची भरपाई कशी करावी याचा विचार केला. मोंझासारखा मार्ग बांधण्याइतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. तेव्हां त्यांनीं ठरविलें कीं, देशाचा रस्ता हाच आपला शर्यतीचा मार्ग! ब्रेशाहून निघावयाचें, रोमला वळसा घालावयाचा आणि पुन्हां ब्रेशास यावयाचें.

हें अंतर सुमारें सोळाशें किलोमीटर, म्हणजे इंग्रजी हिशेबानें जवळजवळ हजार मैल भरलें. त्यावरून शर्यतीला ‘मिल्ले मील्या’, म्हणजे ‘हजार मैल’, असें नांव पडलें. इटलींत तेव्हां मैलाचें माप व्यवहारांत नव्हतें, किलोमीटरच चालत असे. परंतु मैल हा शब्दच मुळीं रोमचा आहे. रोमन सैन्याच्या हजार दुहेरी पावलांचें अंतर तो मैल, आणि लॅटिन भाषेंतील ‘हजार’ या शब्दापासूनच त्याचें नांव झालेलें. रोमन मैल इंग्रजी मैलापेक्षां थोडा आंखूड होता, त्यामुळें काटेकोर हिशेब करणाराला हें नांव पटणार नाहीं. पण नांवें हिशेबानें ठेवलीं जात नाहींत.

शिवाय या मोटारी ज्या वाटांवरून धांवणार होत्या त्यांतील कित्येक रोमनांनींच घातलेल्या. रिमिनीपासून प्याचेंत्सापर्यंत बाणासारखा गेलेला एमिलिया रस्ता मार्कुस एमिलिउस लेपिदुस या कॉन्सलनें इ. स. पूर्वी १८७ मध्यें बांधविला. मोदेना, बोलोन्या, फोर्ली हीं शहरें त्याच दोऱ्यांत ओंवलेलीं आहेत. रोमहून सिएनाकडे जाणारा कास्सिया रस्ताहि असाच प्राचीन. मध्ययुगांत रोमची यात्रा करणारे यात्रेकरू याच वाटेनें, रादिकोफानीच्या टेंकडीवरील किल्ल्याखालून, पायीं जात असत. मराठी माणसानें या मुलखांतून जातांना एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. एमिलिया रस्त्याला छेदून जाणाऱ्या सेनिओ नदीच्या कांठीं ९ एप्रिल १९४५ रोजीं मराठा पलटणींतील नामदेव जाधव या शिपायानें शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यांतून आपले दोन जखमी सोबती बाहेर काढले, आणि मग त्याच मशीनगनच्या मोर्च्यांवर चालून जाऊन ते बंद पाडले. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या मोहिमेंत पडलेल्या हिंदी जवानांचें दफनस्थान व दहन झालेल्यांचें स्मारक फोर्ली येथें आहे. सैन्यासाठीं घातलेल्या रस्त्यावरून पुढें कोणकोणाचीं सैन्यें जातील हें लेपिदुसाला कोठून कळावें!

पहिली शर्यत २६ मार्च १९२७ रोजीं सुरू झाली. एकंदर ७७ मोटारी निघाल्या. त्या काळीं इटलींतील बहुतेक रस्ते खडी व मातीचे होते. धुळीच्या लोटांत पुढची गाडी दिसत नसे. तरीहि मिनोया व मोरांदी या जोडीनें २१ तास ४ मिनिटांत फेरा पुरा केला. त्यांची सरासरी ताशीं ७७ किलोमीटर पडली. त्यांची मोटार ‘ओ. एम.’ या ब्रेशाच्याच कारखान्याची होती, आणि दुसरा व तिसरा क्रमांकहि त्याच कारखान्याच्या मोटारींनीं मिळविला. ब्रेशाचें शल्य निघालें!

परंतु शर्यतीचें खरें यश घड्याळांत नव्हतें, तें रस्त्याच्या कडेला होतें. मोंझाला जाणारा तिकीट काढून जाई. येथें शर्यतच घरावरून जात होती. शेतकरी बांधावर, बायका खिडक्यांत, पोरें झाडांवर आणि गांवचे पाद्रीबुवा देवळाच्या पायऱ्यांवर, अशी सारी इटली वर्षांतून एकदां रस्त्यावर येऊन उभी राही. ज्याच्याजवळ सायकलहि नव्हती त्याच्या दारावरून देशांतील सर्वांत वेगवान यंत्र हातभर अंतरानें निघून जाई. या हातभर अंतरांतच त्या शर्यतीची सारी मोहिनी होती आणि तिचें मरणहि होतें.

या शर्यतीनें इटलीला जे वीर दिले त्यांत मांतुआजवळचा ताझिओ नुव्होलारी हा सर्वांचा लाडका. लहानखुऱ्या चणीचा हा माणूस मोटार हांकीत नसे, तिच्याशीं झुंजत असे. १९३० च्या शर्यतीची त्याची गोष्ट इटलींत आजहि सांगतात. पुढें जाणाऱ्या आकिल्ले वार्झीला कळूं नये म्हणून नुव्होलारीनें अंधारांत आपल्या आल्फा रोमेओचे दिवे मालवले, सावलीसारखा त्याच्या मागें गेला, आणि एकाएकीं दिवे लावून त्याला मागें टाकलें! गोष्ट मोठी बहारीची आहे. मात्र ती तपासून घेतलेली बरी. मोटारी एकामागून एक ठराविक अंतरानें सोडीत, आणि नुव्होलारी वार्झीच्या दहा मिनिटें मागून निघाला होता. म्हणजे त्याला गांठण्यापूर्वीच तो वेळेच्या हिशेबानें पुढें होता. दिवे मालवण्याची गरज नव्हती. पहांट फुटली होती असेंहि कित्येक अभ्यासक म्हणतात. खरी गोष्ट अशी कीं, त्या वर्षीं नुव्होलारीनें ताशीं शंभर किलोमीटरांच्या वर सरासरी राखली, आणि ती तोंवर कोणीहि राखली नव्हती. पण लोकांना आंकड्यापेक्षां मालवलेले दिवेच आवडले, व त्यांत नवल नाहीं.

पुढील वर्षांत वेग वाढला, रस्ते सुधारले, गर्दीहि वाढली. पण गर्दी आणि गाडी यांमधील अंतर तेवढेंच राहिलें. १९३८ सालीं बोलोन्या शहरांत एक लान्चा मोटार ट्रामच्या रुळांवरून जातांना ताब्याबाहेर गेली आणि प्रेक्षकांत घुसली. दहा माणसें ठार झालीं. त्यांत सात मुलें होतीं. सरकारनें हमरस्त्यांवरील शर्यती बंद केल्या. १९४० सालीं ब्रेशा, क्रेमोना व मांतुआ या तीन शहरांमधील त्रिकोणी मार्ग बंद करून त्यावर शर्यत घेण्यांत आली, आणि ती एका जर्मन जोडीनें बी. एम. डब्ल्यू. मोटारींतून जिंकली. पुढें सहा आठवड्यांत इटली युद्धांत उतरली.

युद्धानंतर १९४७ च्या जूनमध्यें ही शर्यत पुन्हां भरली तेव्हां इटलीचे कित्येक पूल पडलेले होते आणि टायर व पेट्रोल हीं दुर्मिळ झालीं होतीं. नुव्होलारी चौपन्न वर्षांचा झाला होता. त्याचे दोन्ही मुलगे ऐन तारुण्यांत वारले होते. त्याचीं स्वतःचीं फुप्फुसें निकामी होत आलीं होतीं. एका लहानशा उघड्या चिसितालिया गाडींत बसून त्यानें आपल्याहून कितीतरी दणकट मोटारींना मागें टाकलें. शेवटच्या टप्प्यांत धोधो पाऊस लागला. इंजिनांत पाणी शिरून गाडी बंद पडली, आणि छपराच्या आल्फा रोमेओंत बसलेला क्लेमेंते ब्योन्देत्ती पहिला आला. ब्योन्देत्तीनें ही शर्यत एकंदर चार वेळां जिंकली, इतक्या वेळां दुसऱ्या कोणीहि नाहीं. तरी त्या वर्षाची शर्यत म्हटली कीं लोकांना हरलेला नुव्होलारीच आठवतो. १९५३ सालीं तो वारला. त्याच्या सन्मानार्थ १९५४ पासून शर्यतीचा मार्ग मुद्दाम मांतुआवरून नेण्यांत आला, आणि क्रेमोनापासून ब्रेशापर्यंतच्या या सपाट, सरळ टप्प्यांत सर्वांत वेगानें जाणाऱ्यासाठीं त्याच्या नांवाचें बक्षीस ठेवण्यांत आलें.

शर्यतीचा सर्वांत जलद फेरा झाला तो १९५५ सालीं. लहान मोटारी आदल्या रात्रीं निघत व मोठ्या सकाळीं, आणि ज्या मिनिटाला गाडी सुटे तोच आंकडा तिच्यावर रंगवीत. स्टर्लिंग मॉस या पंचवीस वर्षांच्या इंग्रज तरुणाच्या मर्सिडीझवर ७२२ हा आंकडा होता, म्हणजे सकाळचे सात वाजून बावीस मिनिटें. शेजारीं डेनिस जेन्किन्सन हा दाढीवाला पत्रकार बसला होता. हजार मैलांतील वळणें परक्या माणसाला पाठ होणें शक्य नव्हतें. म्हणून दोघांनीं अगोदर मार्ग पुन्हां पुन्हां पाहून वळणें, चढ व धोके टिपून ठेवले होते. तीं टिपणें सुमारें अठरा फूट लांबीच्या कागदाच्या गुंडाळीवर लिहून ती गुंडाळी एका पेटींत बसविली होती. जेन्किन्सन ती फिरवीत वाची आणि हाताच्या खुणांनीं पुढचें वळण सांगे, कारण इंजिनाच्या गर्जनेंत शब्द ऐकूं येणें शक्य नव्हतें. मॉसला टेंकाडापलीकडचें कांहींच दिसत नसे. केवळ शेजाऱ्याच्या बोटावर विश्वास ठेवून तो ताशीं अडीचशें किलोमीटरांच्या वेगानें टेंकाड ओलांडी. रोमला जो पुढें असतो तो ब्रेशाला पहिला पोंचत नाहीं, अशी चालकांत एक म्हण होती. मॉस रोमला पुढें होता, आणि ब्रेशालाहि तोच पहिला आला. दहा तास, सात मिनिटें, अठ्ठेचाळीस सेकंद. १९२७ च्या विजेत्यांना याच्या दुपटीहून अधिक वेळ लागला होता. रस्ता मात्र तसाच गांवांमधून जाणारा होता.

आणि मग १२ मे १९५७. शर्यतीचा शेवट जवळ आला असतां मांतुआ व ब्रेशा यांमधील ग्विदित्सोलो गांवाजवळ, त्या सरळ टप्प्यावर, अल्फोन्सो दे पोर्तागो या स्पॅनिश उमरावाच्या फेरारीचा टायर फुटला. पोर्तागो, त्याचा सोबती एडमंड नेल्सन आणि कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षक तत्काळ गतप्राण झाले. त्या नऊ जणांत पांच मुलें होतीं. ज्या टप्प्यावरून शर्यत नुव्होलारीचें स्मरण म्हणून नेली होती त्याच टप्प्यावर हें घडलें. त्या वर्षीं पिएरो तारुफ्फी पहिला आला. पण त्याच्या विजयाची वार्ता कोणी धडपणें वाचलीहि नसेल. सरकारनें रस्त्यावरील वेगाच्या शर्यतींना कायमची बंदी घातली. मोटारी बनविणाऱ्या एन्झो फेरारीवर मनुष्यवधाचा खटला झाला. १९६१ सालीं त्याची निर्दोष सुटका झाली.

पुढें १९७७ सालीं, पहिल्या शर्यतीस पन्नास वर्षें झालीं तेव्हां, जुन्या मोटारी पुन्हां या मार्गावर आल्या. १९२७ ते १९५७ या काळांत ज्या जातीच्या मोटारी शर्यतींत धांवल्या त्यांनाच प्रवेश मिळतो. आतां कोणी वेगासाठीं धांवत नाहीं. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळ्यांवरून चाक नेमक्या क्षणीं जावें लागतें, आणि लवकर वा उशीरा झालेला सेकंदाचा शंभरावा भागहि मोजला जातो. पूर्वी जो अधिक घाई करी तो जिंके. आतां घाई करणाराचे गुण कापले जातात.

पण म्हणून हें काम सोपें झालें असें समजण्याचें कारण नाहीं. नुव्होलारीच्या जातीची आल्फा रोमेओ घेऊन जो फ्लोरेन्सहून बोलोन्याकडे निघतो त्याला फूता व रातिकोझा या दोन खिंडी ओलांडाव्या लागतात. दोन्ही नऊशें मीटरांहून उंच. चक्र उजवीकडे, वेग देण्याचा पायटा मधोमध आणि ब्रेकचा त्याच्या उजवीकडे. आधुनिक मोटारीची संवय असलेला पाय अडचणीच्या क्षणीं भलत्याच पायट्यावर पडतो! गिअर बदलतांना क्लच दोनदां दाबून इंजिनाचा वेग कानानें जुळवावा लागतो. चुकल्यास दांत करकरतात. उतारावर ब्रेक तापले कीं गाडी सांवरण्याचें काम गिअरनेंच करावयाचें. या झटापटींत फूताच्या माथ्यावरील एक टेंकडी चालकाच्या नजरेंतून सुटते. १९४४ सालीं जर्मन सैन्यानें ही खिंड तटबंदी करून अडविली होती, आणि त्या युद्धांतील तीस हजारांहून अधिक जर्मन सैनिक आतां तेथें चिरनिद्रा घेत आहेत.

मार्ग वर्षागणिक थोडा बदलतो, पण आरंभ व शेवट ब्रेशाच्या व्हेनेत्सिया रस्त्यावरच होतो. गांवोगांव लोक अजूनहि कडेला खुर्च्या टाकून बसतात. शाळेचीं मुलें झेंडे हलवितात, आणि म्हातारे गाडीच्या नुसत्या आवाजावरून तिची जात सांगतात. शर्यतीच्या जुन्या खुणेचा लाल बाण मार्गावर ठिकठिकाणीं दिसतो. मांतुआवरून परतणाऱ्याला ग्विदित्सोलोजवळ त्या अपघातांतील मृतांचें स्मारक लागतें. रस्ता तेथें सपाट आणि सरळ आहे, दोन्ही अंगांना शेतें आहेत. तेथून ब्रेशा चाळीसएक किलोमीटर उरतें.