कोकणातील अतिवृष्टी : अंदाज आणि पूर यांच्यातील अंतर

२६ जुलै २००५ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. त्याच अवधीत शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या कुलाबा वेधशाळेत मात्र जेमतेम ७३ मि.मी. पाऊस पडला. एकाच शहरातील या दोन आकड्यांमध्ये कोकण किनाऱ्यावरील पावसाच्या अंदाजाची सारी अडचण सामावलेली आहे.

सह्याद्रीची भिंत

अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त नैऋत्य वारे सह्याद्रीला अडतात आणि वर चढतात. उंचीवर हवा थंड होते, बाष्पाचे ढग बनतात आणि घाटमाथ्यावर व पायथ्याशी जोरदार पाऊस कोसळतो. किनाऱ्यालगत कमी दाबाचा पट्टा सक्रिय असला, की पावसाचा जोर आणखी वाढतो. डोंगर ओलांडल्यावर हेच वारे कोरडे होत जातात. म्हणूनच महाबळेश्वर चिंब भिजत असताना पूर्वेकडील वाईत पाऊस कितीतरी कमी असतो.

इशाऱ्याचा अर्थ

हवामान विभागाच्या निकषांनुसार २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मि.मी. पाऊस म्हणजे 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ मि.मी. म्हणजे 'अतिजोरदार' आणि त्याहून अधिक म्हणजे 'अत्यंत जोरदार'. पिवळा इशारा लक्ष ठेवण्यास सांगतो, नारिंगी सज्ज राहण्यास, तर लाल इशारा कृती करण्यास. रंग ठरवताना पावसाच्या मात्रेबरोबरच त्याच्या संभाव्य परिणामांचाही विचार होतो.

संगणकीय प्रारूपे वातावरणाचे चौकोनी तुकडे पाडून गणित मांडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' मे २०२५ मध्ये कार्यान्वित झाली. तिच्यात हा तुकडा सहा किलोमीटरचा आहे. आधीच्या जागतिक प्रारूपात तो १२ किलोमीटरचा होता. तरीही एखादी अरुंद दरी त्यातून निसटू शकते. पुढील दोन-तीन तासांचा अंदाज देण्यासाठी डॉप्लर रडार उपयोगी पडते. मुंबईत कुलाब्यापाठोपाठ वेरावली येथेही २०२२ मध्ये असे रडार सुरू झाले. मात्र रडारच्या लहरींना डोंगर आडवे येतात. त्यामुळे दुर्गम भागात जमिनीवरील पर्जन्यमापकांना पर्याय नाही.

पाऊस ते पूर

एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर १०० मि.मी. पाऊस पडला, तर तेथे दहा कोटी लिटर पाणी जमा होते. कोकणातील नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत. घाटात कोसळलेले पाणी काही तासांतच खाडीकाठच्या गावांत पोहोचते. त्याच वेळी समुद्राला मोठी भरती असेल, तर पाण्याचा निचरा खोळंबतो. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण आणि सावित्रीच्या पुराने महाड पाण्याखाली गेले. म्हणूनच नुसता पावसाचा अंदाज पुरेसा नसतो. नदीची पातळी, धरणाचा विसर्ग आणि भरतीची वेळ यांची सांगड घालावी लागते. मुंबईसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या 'आयफ्लोज' प्रणालीत पाऊस, निचरा व भरती यांचा असा एकत्रित विचार केला जातो.

दरडींचा प्रश्न

दरडीचा अंदाज वर्तवणे याहूनही कठीण. उताराची माती आधीच किती पाणी प्यायली आहे, खडक किती भेगाळला आहे, हे प्रत्येक वाडीत वेगळे असते. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ८० हून अधिक जणांचा बळी गेला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ढिगाऱ्याखाली गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, तर ५७ जण बेपत्ता राहिले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले होते.

इशारा जिल्ह्यासाठी दिला जातो; संकट मात्र एखाद्या वाडीवर किंवा एखाद्या बाजारपेठेवर ओढवते. हे अंतर केवळ महासंगणकाने मिटणारे नाही. जमिनीला पडलेली नवी भेग, कललेली झाडे, झऱ्याचे अचानक गढूळ झालेले पाणी या खुणा स्थानिकांनाच आधी दिसतात. त्या दिसताच रात्र होण्यापूर्वी घर सोडता येईल अशी निवाऱ्याची जागा आधीच ठरलेली असणे, हाच अंदाजाचा शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे.