रंगागणिक एक दगड

राजा रविवर्म्यांची लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोहोचली, ती १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या त्यांच्या शिळाछापखान्यामुळे. तेथे प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे आणि तोच कागद दरवेळी नेमक्या त्याच जागी बसवावा लागे. तो केसभर सरकला, तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर उतरे. हे कसब जाणणारे तंत्रज्ञ जर्मनीहून आणावे लागले. पुढे प्लेगची साथ, लोणावळ्याजवळील मळवलीस स्थलांतर, कर्ज. अखेर छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्याच हाती गेला. चित्र रविवर्म्यांचे होते. पण ते लोकांपर्यंत नेणारी विद्या छपाईची होती.

आज हिंगोलीत स्क्रीन प्रिंटिंगने बहुरंगी पोस्टर छापणाऱ्यापुढे दगडाऐवजी ताणलेली जाळी असते. रंगागणिक जाळी वेगळी. कसोटी मात्र तीच, केसभराची.