उलट्या प्रश्नाचे गणित

संभाव्यता शिकवताना आपण सहसा सुलट प्रश्न विचारतो : पिशवीत तीन लाल व एक पांढरे बटण असेल, तर लाल निघण्याची संभाव्यता किती? संशोधकापुढचा प्रश्न उलटा असतो. बटण हाती आले आहे. ते कोणत्या पिशवीतले असावे? याचे उत्तर शोधणारा थॉमस बेज या इंग्रज धर्मोपदेशकाचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली प्रसिद्ध झाला. पुढे लाप्लासने ही रीत स्वतंत्रपणे शोधून वाढवली.

विसाव्या शतकात तिच्यावरून वाद झाला. पुरावा मिळण्यापूर्वीचा अंदाज हिशेबात धरणे रोनाल्ड फिशर यांना मान्य नव्हते. भूकंपांचे अभ्यासक, केंब्रिजचे हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी मात्र १९३९ च्या आपल्या ग्रंथात या रीतीची पायाभरणी नव्याने केली.

या जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली वसंत शंकर हुजूरबाजार (जन्म कोल्हापूर, १९१९) यांनी १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. गंमत अशी, की त्यांचा विषय फिशर यांनी मांडलेला होता : ‘पर्याप्तता’, म्हणजे मिळालेल्या माहितीचा कोणता सारांश पुरेसा ठरतो? १९५३ साली त्यांनी पुणे विद्यापीठात गणित व संख्याशास्त्र विभागाची स्थापना केली आणि १९७६ पर्यंत त्याची धुरा वाहिली. १९७४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

या साऱ्याची तोंडओळख वर्गात बिनखर्चात करून देता येते. ‘अ’ पिशवीत तीन लाल व एक पांढरे, ‘ब’ पिशवीत एक लाल व तीन पांढरी बटणे घाला. नाणे उडवून एक पिशवी निवडा. दर वेळी बटण परत टाकून तीनदा काढा. समजा लाल, लाल, पांढरे असे आले. ‘अ’मधून असे येण्याची संभाव्यता ९/६४, ‘ब’मधून ३/६४. म्हणजे पिशवी ‘अ’ असण्याची संभाव्यता ३/४. पांढरे आधी आले असते तरी उत्तर हेच! क्रम नको, लाल बटणांची संख्या पुरे. हीच पर्याप्तता.

आता ‘अ’सारखी एक व ‘ब’सारख्या तीन पिशव्या ठेवून त्यांतून एक डोळे मिटून निवडा. पुरावा तोच, पण उत्तर १/२ वर येते. येथे पिशव्या मोजता आल्या. जेथे त्या मोजता येत नाहीत, तेथे सुरुवातीचा अंदाज कोठून आणायचा? विद्यार्थी हा प्रश्न आपणहून विचारतील, तेव्हा फिशर आणि जेफ्रीज यांच्या वादाचे मर्म त्यांना सापडलेले असेल.