दर दोन तासांनी कूस

आपल्या मराठीतला 'कूस' हा शब्द मोठा विलक्षण आहे. आईच्या उदराला आपण कूस म्हणतो आणि झोपेत अंग वळवलं, तर त्यालाही कूस बदलणं म्हणतो. धडधाकट माणूस रात्रीतून कितीतरी वेळा कूस बदलतो आणि सकाळी त्याला त्यातलं काही आठवत नाही. ज्याला ती स्वतःहून बदलता येत नाही, त्याच्यासाठी मात्र दुसऱ्या कुणाला तरी उठावं लागतं. हे दुसरं कुणीतरी म्हणजे इस्पितळातली आया, वॉर्डबॉय, वृद्धाश्रमातली सेविका किंवा ब्यूरोकडून घरी येणारी मावशी. या माणसांचा इतिहास सांगायला बसलो तर हाती फारसं लागत नाही, कारण त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यांच्या कामाचा इतिहास मात्र सांगता येतो.

तो मी १९४४ सालापासून सांगतो. दुसरं महायुद्ध चालू होतं. नाझींच्या छळातून निसटून १९३९ साली इंग्लंडला आलेले लुडविग गुटमान नावाचे ज्यू डॉक्टर होते. स्टोक मँडव्हिल इथल्या इस्पितळात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग निघाला आणि तो त्यांच्याकडे सोपवला गेला. असा सैनिक फार दिवस जगत नाही, हे तेव्हा जवळजवळ गृहीतच धरलेलं असे. आणि तो दगावे तो मोडलेल्या कण्यामुळे नव्हे. पाठीला पडलेल्या जखमा चिघळत, लघवीच्या मार्गात जंतू शिरत आणि ते विष अंगात भिनत जाई.

या जखमा का पडतात? आपण पडून असतो तेव्हा हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं जातं. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे या जागी तर मांस कमीच. दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं. आपल्याला मुंग्या येतात, आपण हलतो. ज्याला मुंग्या कळत नाहीत किंवा कळूनही हलता येत नाही, त्याची कातडी आतून मरू लागते. वर नुसती लाली दिसते, तोवर आत बरंच काही बिघडलेलं असतं.

गुटमान यांनी यावर कुठलंही नवं औषध आणलं नाही. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस बदलायची, एवढा नियम केला. रात्रीच्या दोन वाजताही खरोखर बदलतात की नाही, हे पाहायला ते स्वतः वॉर्डात फिरत. उचलून वळवण्याचं काम करणारे हात मात्र साध्या सेवकांचे होते. ज्यांना मरायचंच असं धरलं होतं ती माणसं खुर्चीत बसू लागली. २९ जुलै १९४८ ला लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी या इस्पितळाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या सोळा जणांनी तिरंदाजीची स्पर्धा खेळली. पुढं तिचीच पॅरालिंपिक झाली. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या आपल्या सांगली जिल्ह्याच्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेतलं, ते याच स्पर्धांच्या परंपरेत.

सैनिक तरुण होते. म्हाताऱ्यांचं काय? लंडनमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेनं दोन सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास करून १९६२ साली अहवाल प्रसिद्ध केला. तोवर स्पिरिट चोळा, मलम लावा, पावडर टाका अशी नाना मतं होती. नॉर्टनबाईंना दिसलं ते असं, की वर काय चोळता याला फारसा अर्थ नाही. वेळेवर कूस बदलली तर जखमा कमी होतात. कोणाला धोका जास्त, हे ओळखायला त्यांनी पाच गोष्टींना गुण देण्याची पद्धत काढली: शरीराची अवस्था, मनाची अवस्था, चालणं-फिरणं, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा. आज साठ वर्षांनंतरही ती वापरली जाते. स्पिरिटची बाटली मात्र आपल्या घराघरांतून अजून उशाशी दिसते!

दोन तास हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चांगल्या प्रतीच्या फोमच्या गादीवर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलली, तरी जखमांच्या प्रमाणात विशेष फरक पडला नाही. पण ती गादी तशी होती आणि बघणारी माणसंही शिकलेली होती. आपल्या घरातल्या खोलगट झालेल्या कापसाच्या गादीला तो हिशेब लावू नये.

१९६३ साली अमेरिकेत सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरी एक मोजपट्टी दिली. अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत जाणं, मलमूत्रावर ताबा आणि जेवणं, एवढ्या सहाच गोष्टी. यांतलं माणूस स्वतः किती करतो, ते पाहायचं. लहान मूल ज्या क्रमानं या गोष्टी शिकतं, साधारण त्याच्या उलट क्रमानं म्हातारपणी त्या सुटत जातात, असं त्यांच्या ध्यानात आलं. अंघोळ आधी सुटते, हातानं घास घेणं सगळ्यात शेवटी. म्हणून शिकलेली सेविका रुग्णाला घास भरवायची घाई करत नाही. सांडू दे, पण त्याचा हात चालू राहू दे. घरच्यांना मात्र वाटतं, पैसे घेते आणि भरवत नाही.

माझी अम्मी शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती. तिच्यासाठी बीडकडची एक मावशी येत असे. आमच्या पद्धतीप्रमाणे अम्मीचं उसं उत्तरेला. पहिल्या दिवशी मावशी चमकलीच, कारण त्यांच्याकडे उत्तरेला डोकं फक्त प्रेताचं करतात. अम्मीनं तिला समजावलं, की असं निजलं म्हणजे उजव्या कुशीवर तोंड काब्याकडं होतं. मावशी काही बोलली नाही. पण चार दिवसांनी बघतो तर तिनं कुशीचं वेळापत्रकच नमाजाच्या वेळांना जुळवून घेतलं होतं. अजान झाली की उजवी कूस, मग पाठ, मग डावी. पाण्यानं वजू जमेना तेव्हा तयम्मुमसाठी स्वच्छ मातीची परात ती स्वतः पुढं करायची. माझी नात तिला खाला म्हणू लागली. खाला म्हणजे मावशीच की!

आता अमेरिकेत पाहा. १९६५ नंतर सरकारी पैसा मिळू लागल्यावर तिथं शुश्रूषागृहं भराभर वाढली आणि त्यांतले हालही बाहेर येऊ लागले. म्हाताऱ्यांना खुर्चीला बांधून ठेवत, गुंगीच्या गोळ्या देत. १९८७ साली संसदेनं कायदा केला: सोयीसाठी बांधायचं नाही, रहिवाशाच्या खासगीपणाला आणि इच्छेला मान द्यायचा, आणि सेविकेला किमान ७५ तासांचं शिक्षण व परीक्षा. पंचाहत्तर तास म्हणजे काही फार नव्हेत. तरी दार वाजवून आत जाणं, अंगाला हात लावण्याआधी काय करणार ते सांगणं, पडदा ओढणं, या गोष्टी चांगुलपणावर न सोडता शिकवायच्या आहेत, हे त्या कायद्यानं मान्य केलं.

आणि कायदा नसतानाही काय होऊ शकतं, ते परळला दिसलं. २७ नोव्हेंबर १९७३ ला केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर अत्याचार झाला. त्यानंतर १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या तिथंच अंथरुणावर होत्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढं इच्छामरणाचा प्रश्न आला तेव्हा एक गोष्ट नोंदली गेली, की इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण नव्हता. न्यायालयानं रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचं कौतुक केलं. त्या निकालावर पुष्कळ चर्चा झाली, व्हावी अशीच होती. मी मात्र त्या एका ओळीशी थबकलो. दोन तासांचा हिशेब धरला तर दिवसाला बारा वेळा, वर्षाला चार हजारांहून जास्त वेळा. किती पाळ्या बदलल्या असतील, किती परिचारिका आणि आया निवृत्त झाल्या असतील.

आपल्याकडे जनरल ड्यूटी असिस्टंटचा अभ्यासक्रम आता आहे. पण घरी येणाऱ्या मावशीला तू काय शिकलीस, असं कितीजण विचारतात? ती बारा तास उभी असते, तिच्या पगारातून ब्यूरो आपला वाटा कापतो, आणि आपण तिला इन्सुलीन टोचायला सांगतो, नाकातल्या नळीतून दूध घालायला सांगतो. ही कामं शिकलेल्या परिचारिकेची. तिचं काम वेगळं आहे. रुग्णाला ओढायचं नाही, चादरीसकट उचलायचं. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. टाचा अधांतरी राहतील अशी उशी पोटरीखाली द्यायची. लाली दिसली तर चोळायची नाही, लगेच कळवायचं. आणि तिनं कळवलं, तर ऐकणारं कुणी घरात लागतं. आमच्याकडची मावशी एका शाळेच्या वहीत वेळ आणि कूस लिहून ठेवायची. अक्षर वेडंवाकडं, 'उजवी'चा उकार कधी ऱ्हस्व, कधी दीर्घ. डॉक्टर आले की आधी ती वही मागून घेत आणि माझ्याशी नंतर बोलत.