घरगुती मूषक नियंत्रण

घरगुती मूषक नियंत्रण म्हणजे घरात व घराभोवती होणारा उंदीर-घुशींचा उपद्रव माणसांना आणि पाळीव प्राण्यांना अपाय न होता रोखणे होय. पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात चाळी, भाड्याच्या खोल्या, किराणा दुकाने आणि कांदा-बटाट्याच्या वखारी अनेक ठिकाणी लागून असल्याने हा प्रश्न क्वचितच एका घरापुरता राहतो.

प्रजाती

लहान घरउंदीर कपाटात व धान्याच्या डब्यांमागे राहतो. काळा उंदीर माळ्यावर व छपरात वावरतो. घूस गटारालगत व जोत्याखाली बिळे करते. चिचुंद्री हा कृंतक प्राणी नसून कीटकभक्षक आहे. ती झुरळे खाते, तरीही उंदीर समजून मारली जाते.

पार्श्वभूमी

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगनिवारणासाठी घरझडत्या झाल्या. त्यांतील जुलमाच्या रोषातून मूळच्या चिंचवडच्या चाफेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर हल्ला केला. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये दाखवले. म्हणजे झडत्यांच्या वेळी रोगाचा खरा मार्गच ज्ञात नव्हता. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगची साथ पुन्हा आढळली.

प्रतिबंध

अन्न व आसरा तोडल्यावाचून कोणताही उपाय टिकत नाही. घरउंदराला सुमारे ६ मिलिमीटरची फट पुरते. दाराखाली पत्र्याची पट्टी, मोरीच्या तोंडाला जाळी, पाइपभोवतीच्या भोकात सिमेंट आणि धान्यासाठी झाकणाचे पत्र्याचे डबे हे उपाय विषापेक्षा उपयुक्त ठरतात. पिंजरा भिंतीलगत ठेवावा, कारण उंदीर भिंतीच्या कडेने चालतो.

विषारी औषधे

घरातील खरा धोका येथेच आहे. पिवळ्या फॉस्फरसचे मलम ट्यूबमध्ये मिळत असल्याने दंतमंजनाची पेस्ट समजून वापरले जाण्याची भीती असते. ते पोटात गेल्यावर एक-दोन दिवस रुग्णाला बरे वाटू शकते आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. त्यामुळे त्रास दिसत नाही म्हणून रुग्णाला घरी ठेवणे घातक आहे. झिंक फॉस्फाइडपासून जठरातील आम्लामुळे फॉस्फिन हा विषारी वायू तयार होतो. या दोन्हींवर उतारा नाही. शिवाय झिंक फॉस्फाइडच्या आमिषाने आजारी पडून वाचलेला उंदीर पुन्हा त्याला तोंड लावत नाही.

ब्रोमाडिओलोनच्या वड्या रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. उंदीर काही दिवसांनी मरतो, म्हणून आमिषाविषयी संशय निर्माण होत नाही. माणसासाठी जीवनसत्त्व के-१ हा उतारा उपलब्ध आहे. मात्र असा उंदीर खाल्लेल्या मांजरालाही विषबाधा होऊ शकते. वड्या कुलूपबंद आमिषपेटीत ठेवाव्यात. कणकेच्या गोळ्यात विष घालून ओट्याखाली ठेवण्याची प्रथा सर्वांत वाईट. विष पोटात गेल्यास उलटी करवू नये, तूप किंवा दूध पाजू नये आणि औषधाच्या वेष्टनासह रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

स्वच्छता व रोग

उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. पवना व इंद्रायणीकाठच्या सखल वस्त्यांत पुराचे पाणी शिरल्यावर हा धोका वाढतो. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. त्यांवर जंतुनाशक शिंपडून, हातमोजे घालून त्या ओल्या फडक्याने टिपाव्यात. विष न घालताही एकाएकी अनेक उंदीर मेलेले आढळल्यास त्यांना हात न लावता महापालिकेच्या आरोग्य विभागाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे, कारण यजमान मरताच पिसवा त्याला सोडून दुसरा प्राणी शोधतात.